फझ फेस घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फझ फेस या जुन्या फझ पेडलची (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा, पायाने दाबायचा डबा) नक्कल घरी बनवायला घेतली की प्रत्येकाला साधारण तेच प्रश्न पडतात, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर म्हणून नुसती सर्किटची आकृती चिकटवलेली मिळते. आकृतीत सगळं असतं, फक्त अडतं कुठे ते नसतं. म्हणून हे पान. अकरा सुटे भाग, दोन संध्याकाळी आणि थोडी चिडचिड एवढी तयारी ठेवा.

इतक्या पेडलमधून फझ फेसच का?

कारण याहून छोटं आणि तरीही खरंखुरं वाजणारं सर्किट सापडणं अवघड. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (खुंटीने फिरवायचे बदलते रेझिस्टर). लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये हे पेडल बाजारात आणलं. गोल डबा, दोन खुंट्या, मध्ये स्विच, म्हणून तो 'चेहरा'. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली ते दिसलं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. फझची सुरुवात मात्र त्याआधीची. माएस्ट्रो कंपनीचं एफझेड-१ पेडल १९६२ सालचं, आणि त्याच्याही मागे १९६१ च्या सुमाराला नॅशव्हिलच्या एका रेकॉर्डिंगमध्ये बिघडलेल्या प्रीअँपमधून (सिग्नल आधी मोठा करणारा भाग) आलेली ती करकर. म्हणजे हा आवाज जन्मालाच बिघाडातून आलाय. तुमचं पहिलं पेडल बिघडलेलं वाजलं तर फार मनाला लावून घेऊ नका.

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही कळत नाही. जमेल का?

जमेल. रेझिस्टरवरचे रंग वाचता आले, मल्टिमीटरने व्होल्टेज मोजता आलं आणि सोल्डर नीट वितळवता आलं की पुरे. एवढं मात्र करा: सोल्डरिंग पहिल्यांदाच करत असाल तर आधी रद्दी बोर्डवर वीस-तीस टाके घाला. चांगला टाका चकचकीत असतो आणि पायाला बिलगून वर चढलेला दिसतो. गोळा होऊन बसलेला, मळकट टाका दिसला की तो पुन्हा तापवा.

सर्किटमधल्या भागांची मूल्यं काय आहेत?

ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे किंवा सिलिकॉनचे असतात, आणि त्यांना तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर. के म्हणजे हजार ओहम, ग्राउंड म्हणजे सगळ्या भागांची सामायिक तार. जर्मेनियमच्या मूळ सर्किटमध्ये: आत येताना २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ३३ के, दुसऱ्याच्या कलेक्टरवर ८.२ के आणि त्याच्या पुढे ४७० ओहम, दुसऱ्याच्या एमिटरवरून पहिल्याच्या बेसकडे परत येणारा १०० के. फझचा पॉट १ के, त्याच्या मधल्या पायावरून ग्राउंडला २० मायक्रोफॅरड (२२ चालतो, कानाला फरक कळणार नाही). बाहेर पडताना ०.०१ मायक्रोफॅरड आणि व्हॉल्युमचा पॉट ५०० के. सिलिकॉनच्या आवृत्तीत ४७० च्या जागी ३३० ओहम दिसतो. संपलं.

फझचा १ के पॉट साधा लिनिअर घेतला तर सगळी गंमत शेवटच्या चिमूटभर फिरण्यात येते. उलट्या लॉगचा, म्हणजे ज्याच्यावर 'सी' लिहिलेलं असतं तो, मिळाला तर घ्या.

हे चालतं कसं?

पहिला ट्रान्झिस्टर गिटारचा सिग्नल मोठा करतो, दुसरा तो आणखी मोठा करतो, आणि ९ व्होल्टमध्ये मावेनासा झाला की लाटेची डोकी कापली जातात. ती कापलेली डोकी म्हणजे फझ. खरी हुशारी त्या १०० केमध्ये आहे. दुसऱ्यातून प्रवाह वाढला की त्याच्या एमिटरचं व्होल्टेज वाढतं, ते १०० केमधून पहिल्याच्या बेसला पोचतं, पहिला जास्त उघडतो आणि दुसऱ्याचा बेस खाली ओढतो. दोघं एकमेकांचे कान धरून बसलेले असतात. म्हणून एक ट्रान्झिस्टर बदलला की दोघांची व्होल्टेज बदलतात.

जर्मेनियम घेऊ की सिलिकॉन?

पहिलं पेडल असेल तर सिलिकॉन. बीसी१०८ किंवा बीसी१०९ घ्या, ते स्थिर असतात, उन्हाळ्या-हिवाळ्यात एकसारखे वाजतात आणि वायरिंगही नेहमीचं, म्हणजे निगेटिव्ह ग्राउंडचं. आवाज धारदार, थोडा कर्कश. कंपनीनेही साठच्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉनकडे वळून हाच हिशेब केला.

जर्मेनियमचा आवाज गोलसर, थोडा खरबरीत, आणि गिटारचा व्हॉल्युम कमी केला की जवळजवळ स्वच्छ होतो. त्या एका गोष्टीसाठी लोक वेडे होतात, आणि मीही त्यातलाच. पण जर्मेनियमचं पेडल 'जोडून' होत नाही, निवडून आणि मोजून होतं.

मूळ पेडलमधले एनकेटी२७५ ट्रान्झिस्टरच हवेत का?

नाही. मूळ कारखान्यातही जो माल हाती लागला तो लागला. सगळी जुनी फझ फेस सारखी वाजत नाहीत. काही अप्रतिम, काही नुसता कचरा. एनकेटी२७५ या नावाला इतका भाव आला की नकली माल सर्रास फिरतो. मी एकदा अशी पुडी मागवली होती. छापील अक्षरं सुबक, रंग ताजा. कापसाला ॲसिटोन लावून पुसलं तर खालून दुसराच नंबर वर आला. त्यातले दोन छान वाजले, हा भाग वेगळा.

एसी१२८ घ्या, दहा-बारा घ्या, आणि मोजा. नावाला आवाज नसतो. गेन (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो) आणि गळती यांना असतो.

मल्टिमीटरच्या एचएफई (गेन मोजायच्या) खाचेत माझा जर्मेनियम १४० दाखवतो. चांगला आहे ना?

सांगता येत नाही, कारण त्या आकड्यात गळती मिसळलेली आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या बेसला काहीही दिलं नाही तरी कलेक्टरमधून थोडा प्रवाह पाझरत राहतो. मीटर बेसला समजा १० मायक्रोअँपिअर देतोय आणि गळती ३०० मायक्रोअँपिअर आहे, तर गेनच्या आकड्यात ३० फुकटचे आले.

खरं मोजायची रीत जुनी आणि सोपी आहे. ९ व्होल्टची बॅटरी घ्या. पीएनपी ट्रान्झिस्टरचा (जुने जर्मेनियम बहुतेक याच जातीचे; दुसरी जात एनपीएन, तिची जोडणी उलटी) एमिटर बॅटरीच्या पॉझिटिव्हला. कलेक्टर २.४७ के मधून निगेटिव्हला (२.२ के आणि २७० ओहम एकापुढे एक जोडले की झालं). मीटरच्या काड्या त्या २.४७ केच्या दोन टोकांना लावा. बेस मोकळा असताना दिसतं ते गळतीचं व्होल्टेज. आता बेस २.२ मेगमधून (मेग म्हणजे दहा लाख ओहम) निगेटिव्हला टेकवा, बेसला साधारण ४ मायक्रोअँपिअर मिळतात, आणि आकडा वर जातो. दोन्हींतला फरक गुणिले १०० म्हणजे खरा गेन.

माझ्या टेबलावरचं एक उदाहरण: मोकळा असताना ०.२१ व्होल्ट, टेकवल्यावर १.०४. फरक ०.८३, म्हणजे गेन ८३. गळती ०.२१ भागिले २४७०, म्हणजे ८५ मायक्रोअँपिअर. उत्तम नग. त्याच ट्रान्झिस्टरला नुसतं दोन बोटांत धरलं तर ०.२१ चे चढत चढत ०.३ च्या पुढे गेले. म्हणून ट्रान्झिस्टर चिमट्याने खोचा, पाच मिनिटं गार होऊ द्या, मग वाचा. हे न केल्यामुळे मी एकदा सहा चांगले ट्रान्झिस्टर 'गळके' म्हणून डबीत टाकले होते.

पहिल्या जागेसाठी गेन ७० ते ८० आणि दुसऱ्यासाठी ११० ते १३०, ही बरीच मान्य असलेली जोडी. यापेक्षा वेगळी जोडी वाजणारच नाही असं नाही.

गळतीचं मात्र ऐका. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ३३ के आहे, म्हणजे त्यातून जेमतेम पाव मिलिअँपिअर वाहतो. गळतीच त्याच्या जवळ पोचली तर त्या ट्रान्झिस्टरला करण्यासारखं काही उरतच नाही. कमीत कमी गळतीचा नग पहिल्या जागी लावा. गेनपेक्षा हे महत्त्वाचं.

बायस म्हणजे काय आणि तो किती ठेवायचा?

सिग्नल नसताना दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर किती व्होल्टवर बसलाय, तो बायस. बॅटरीच्या निम्म्यावर, म्हणजे ४.५ व्होल्टच्या आसपास हवा, म्हणजे लाटेला दोन्हीकडे सारखी जागा मिळते. मूळ मूल्यांवर हा आकडा आपोआप येईल असं धरून चालू नका. सिलिकॉनमध्ये ८.२ के ठेवला तर बहुधा साडेतीनच्या आसपास सापडतो.

उपाय: ८.२ केच्या जागी १० केचा ट्रिमपॉट (पेचकसाने फिरवायचा छोटा पॉट) लावा. मीटरची काळी काडी ग्राउंडला, लाल काडी दुसऱ्याच्या कलेक्टरला. ट्रिमपॉट फिरवा, ४.५ वर आणा. पीएनपीमध्ये आकड्यापुढे वजाचं चिन्ह येईल, तेच बरोबर आहे.

इथे एक हमखास घोटाळा होतो. कलेक्टरऐवजी लोक ४७० आणि ८.२ केच्या सांध्यावर मोजतात, कारण आउटपुटचा कपॅसिटर तिथूनच निघतो. तिथे नेहमीच पावणेनऊच्या आसपास दिसणार. मग ट्रिमपॉट कितीही फिरवला तरी आकडा ढिम्म हलत नाही आणि माणूस ट्रान्झिस्टर बदलत सुटतो.

४.५ वर आल्यावर मीटर बाजूला ठेवा आणि गिटार लावा. जाड तारेवर एक सूर छेडून तो मरेपर्यंत ऐका. शेवटी फटफट करत तुटला तर बायस बॅटरीच्या बाजूला सरकलाय. थोडं थोडं फिरवत जा. मला जर्मेनियमवर बहुतेक वेळा पाचाच्या जवळ जास्त आवडतं. माझा एक मित्र ते ऐकून तोंड वाकडं करतो. ज्याच्या पायाखाली पेडल, त्याचा कान.

पॉझिटिव्ह ग्राउंड ही काय भानगड आहे?

जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर बहुतेक पीएनपी, त्यामुळे त्या सर्किटमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह ग्राउंडला असतो. बॅटरीवर काहीच अडचण नाही. अडचण येते ती एकाच ॲडॅप्टरवरून माळेसारखी सगळी पेडलं चालवताना. बाकी पेडलांचं ग्राउंड निगेटिव्ह, याचं पॉझिटिव्ह, आणि दोन्ही ग्राउंड गिटारच्या केबलमधून एकमेकांना जोडलेली. झालं, ॲडॅप्टर शॉर्ट.

त्यामुळे एक तर बॅटरी वापरा, नाहीतर प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला पॉवर सप्लाय घ्या. तिसरा मार्ग म्हणजे आतच व्होल्टेज उलटं करणारी छोटी चिप, टीसी१०४४एस किंवा आयसीएल७६६०एस. ती लावलीत तर १ नंबरचा पाय ८ नंबरला जोडायला विसरू नका, नाहीतर चिपची बारीक शिट्टी आवाजात मिसळते.

पीएनपीमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही उलटे बसतात. इनपुटच्या २.२ चा निगेटिव्ह पाय बेसकडे, २० चा पॉझिटिव्ह पाय ग्राउंडला. एनपीएन सिलिकॉनला बरोबर याच्या उलट.

व्हेरोबोर्ड, पीसीबी की नुसत्या टॅगपट्टीवर?

व्हेरोबोर्ड, म्हणजे तांब्याच्या समांतर पट्ट्या असलेला भोकांचा बोर्ड. भाग कमी आहेत, पट्ट्या कापायला सोप्या. फक्त कापलेल्या जागी तांब्याचा केसाएवढा धागा राहतो तो भिंगाखाली बघा, आणि दोन पट्ट्यांमधून सुरीचं टोक एकदा ओढून घ्या.

सोल्डर करताना ट्रान्झिस्टर जळतो का?

जर्मेनियम नक्की रुसतो. सॉकेट लावा आणि ट्रान्झिस्टर शेवटी खोचा, म्हणजे अदलाबदलही करता येते. थेट सोल्डर करायचाच असेल तर पाय लांब ठेवा आणि टाका व अंग यांच्या मध्ये मगरचिमटा लावा, उष्णता तो पितो.

पाय ओळखण्यात चूक होते ती वेगळीच. बीसी५४७ आणि २एन३९०४ दिसायला सारखे, पण त्यांचे कलेक्टर-एमिटर उलट बाजूंना. बीसी१०८ चा धातूचा डबा कलेक्टरला जोडलेला असतो, तो कशालाही टेकू देऊ नका. डेटाशीट बघा, अंदाज नको.

डबा कुठला?

ॲल्युमिनियमचा ओतीव डबा, १५९०बी मापाचा, सुमारे ११२ बाय ६० मिलिमीटर. पहिल्यांदा करत असाल तर एक माप मोठा घ्या, बॅटरीसकट सगळं कोंबताना जीव जातो. आधी कागद चिकटवून भोकं आखा, पंचने खूण करा, मग ड्रिल. डोळ्यांवर चष्मा हवाच. प्लॅस्टिकच्या डब्यात गुणगुण घुसते, तो नको.

फूटस्विच दाबला की स्पीकरमधून 'टप्प' आवाज येतो.

इनपुटला १ मेगचा रेझिस्टर ग्राउंडला जोडा. पेडल बंद असताना कपॅसिटरवर साठणारा भार त्यातून निघून जातो. तरी थोडा आवाज राहिला तर एलईडीचा रेझिस्टर वाढवून बघा.

बॅटरी दोन दिवसांत संपते. सर्किट खूप प्रवाह खातं का?

सर्किट एक मिलिअँपिअरसुद्धा खात नाही. तुमचा एलईडी त्याच्यापेक्षा जास्त खातो. पण बहुधा कारण तिसरंच असतं: इनपुटमध्ये केबल खोचून ठेवलेली. इनपुटला स्टिरिओ जॅक लावतात आणि त्याची मधली कडी बॅटरीच्या वायरला जोडतात, म्हणजे केबल खोचली की बॅटरी चालू. एनपीएनमध्ये ती वायर काळी, पीएनपीमध्ये लाल. वाजवून झालं की केबल काढा.

सगळं जोडलं, पण आवाजच नाही. आता?

आधी फूटस्विच बंद ठेवून गिटार सरळ ऐकू येते का ते बघा. तेही नसेल तर दोष जॅक किंवा स्विचच्या वायरिंगमध्ये, बोर्डला हात लावू नका. सरळ आवाज येत असेल तर व्होल्टेज मोजा. जर्मेनियममध्ये पहिल्याचा कलेक्टर अर्धा ते दीड व्होल्टच्या दरम्यान, सिलिकॉनमध्ये सव्वाच्या आसपास. दुसऱ्याचा कलेक्टर साडेचारच्या जवळपास. दुसऱ्याच्या कलेक्टरवर पूर्ण ९ असतील तर तो चालूच झालेला नाही: पाय उलटे, किंवा पहिला पूर्ण उघडा पडलाय.

व्होल्टेज बरोबर असूनही आवाज नसेल तर सिग्नलच्या मागावर जा. एका वायरच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, दुसरं टोक अँपच्या केबलला, ग्राउंड ग्राउंडला. गिटारची तार कुणाला तरी छेडत राहायला सांगा आणि कपॅसिटरच्या मोकळ्या पायाने एकेक सांधा टोचत जा. अँपचा आवाज कमी ठेवा. जिथे आवाज गायब होतो, त्याच्या आधीचा भाग किंवा टाका गुन्हेगार.

आणि एक स्वानुभव. माझं दुसरं पेडल झाकण उघडं असलं की मस्त वाजायचं, स्क्रू आवळले की गप्प. तीन संध्याकाळी मी टाके पुन्हा पुन्हा तापवत बसलो. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला एक बारीक ओरखडा दिसला. जॅकच्या टोकाचा पत्रा तिथे टेकत होता आणि सिग्नल थेट ग्राउंडला जात होता. इन्सुलेशन टेपचा एक तुकडा, आणि काम झालं.

फझमधून रेडिओ ऐकू येतो. हे खरंच होतं का?

होतं, विशेषतः जास्त गेनच्या सिलिकॉनमध्ये. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावा. इनपुटची वायर आखूड ठेवा किंवा शील्डची वापरा. रात्री अकरा वाजता सोलोच्या मध्येच बातम्या लागल्या की आधी हसू येतं, मग नाही.

आवाज छान आहे, पण पेडल चालू केलं की एकूण पातळी कमी होते.

रचनाच तशी आहे. आउटपुट ४७० ओहमवरून घेतलंय, म्हणजे कलेक्टरवरच्या झोक्याचा साधारण विसावा हिस्साच बाहेर पडतो. ४७० च्या जागी १ के लावा, पातळी जवळपास दुप्पट होते. नंतर बायस पुन्हा बघून घ्या.

ट्यूनर, वॉ (पायाने हलवून आवाजाचा रंग बदलणारं पेडल) वगैरे आधी ठेवायचं की फझ आधी?

फझ आधी, गिटारच्या लगेच पुढे. या सर्किटचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) फार कमी आहे, त्यामुळे गिटारची पिकअप आणि तिचा व्हॉल्युम पॉट जणू सर्किटचाच भाग बनतात. गिटारचा व्हॉल्युम कमी केल्यावर आवाज स्वच्छ होतो तो याच्यामुळे. मध्ये बफर (गिटारला पुढच्या सर्किटपासून वेगळं ठेवणारं सर्किट) आला की हे नातं तुटतं, आवाज चिरका होतो आणि व्हॉल्युम फिरवून फारसं काही होत नाही. वॉ आधी ठेवला तर तो नीट फिरत नाही, कधीकधी किंचाळतो. तुमचं पेडल बिघडलेलं नाही, जागा चुकली आहे.

बनवून विकलं तर चालेल का?

एवढ्या जुन्या सर्किटची नक्कल करून वाजवायला कुणी अडवत नाही. नाव आणि गोल चेहरा मात्र वापरू नका. फझ फेस या नावाने डनलॉप कंपनी आजही पेडलं विकते. दुसऱ्याने आखलेला पीसीबीचा आराखडाही त्याचा असतो, तो विचारल्याशिवाय छापून घेऊ नका.

घरी छान वाजलं, उघड्या मंचावर उन्हात गेल्यावर घुसमटलं. काय झालं?

तापलं. जर्मेनियमची गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. खोलीत ८५ मायक्रोअँपिअर असलेला नग उन्हात तापलेल्या डब्यात २०० च्या पुढे जाऊ शकतो, आणि पाव मिलिअँपिअरचं गणित वर सांगितलंच आहे. बायस बॅटरीकडे सरकतो, सूर आखूड होतात, मग फटफट. काही जण बायसचा ट्रिमपॉट काढून तिथे बाहेरून फिरवता येईल असा पॉट लावतात आणि त्यासाठी डब्याला आणखी एक भोक पाडतात. मी दोन पेडलं ठेवतो. उन्हात सिलिकॉनचं नेतो, आणि जर्मेनियमचं न्यायचंच असेल तर वाजवायच्या क्षणापर्यंत ते सावलीत, पिशवीतल्या टॉवेलच्या घडीत असतं.